जुन्या फियाट रेसिंग कारचा सांगाडा हाती लागला तर

सांगाडा दारात आला की पहिले आठ दिवस पाण्याचा फवारा, वायर ब्रश आणि ग्राइंडर त्याच्या आसपासही फिरकू देऊ नका. रस्त्यावरच्या गाडीची ओळख आरटीओच्या पुस्तकात असते. शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीला बहुधा पुस्तकच नसतं. तिचा इतिहास रंगाच्या थरांत, वेल्डिंगच्या शिवणीत आणि बुजवलेल्या भोकांत असतो. हौसेनं केलेल्या एका सँडब्लास्टिंगमध्ये तो कायमचा जातो आणि उरतो तो नुसता नळ्यांचा ढाचा.

आपल्याकडे सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त ती फियाट 1100 च्या सामानावर बांधलेल्या एका सीटच्या गाडीची. कारण साधं आहे: हे इंजिन कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यामुळे देशभर मिळायचं आणि पुढे पद्मिनीतही तेच राहिलं. 68 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), 1089 सीसी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, तीन मेन बेअरिंग. टॅक्सीचं इंजिन म्हणून त्याला कमी लेखू नये. याच ब्लॉकवर इटलीतल्या मोडेनाच्या स्टँग्वेलिनी कंपनीनं फॉर्म्युला ज्युनियर, म्हणजे नवोदितांच्या शर्यतीच्या, एका सीटच्या गाड्या बांधल्या आणि 1959 मध्ये मोनॅकोची ज्युनियर शर्यत जिंकणारी गाडी त्यांचीच होती. इकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाटच्या सामानाच्या गाड्या वर्षानुवर्षं पळाल्या. आमचं सोलापूर तर मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या लोहमार्गावरच, त्यामुळे इथल्या माळ्यांवर शोध घेण्यात अर्थ आहे.

शोधताना एक लक्षात ठेवा: अशी गाडी एका जागी पडून सडत नाही, ती वाटली जाते. इंजिन कुणाच्या तरी पद्मिनीत, स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) आणि हब (चाकाचा मधला तुंबा) एखाद्या टायर-बैलगाडीखाली, चेसिस गॅरेजच्या माळ्यावर पत्र्यांखाली. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांची रांग लागते, तेव्हा हब बघत फिरायला चांगली संधी मिळते. जुन्या फिटरला ‘रेसिंग कार आहे का’ असं विचारलं तर तो नाही म्हणेल. ‘नळ्यांची, एका माणसाची गाडी बघितली होती का’ असं विचारा. सौदा झाला की इंजिन नंबर आणि चेसिसवरचे ठोकलेले आकडे लिहून, फोटो जोडून साधी खरेदी-पावती करून घ्या.

आता सांगाड्याचं वाचन. काळ्या मातीत उभी राहिलेली नळी जिथं माती संपते आणि हवा सुरू होते तिथंच सर्वांत जास्त खाल्लेली असते, म्हणजे गाडी कशी ठेवली होती हे गंजावरूनच कळतं. चेसिसच्या दोन्ही बाजूंचे कर्ण मोजा. फरक 3 मिमीच्या आत असेल तर बांधणीतलाच समजा. 10 मिमीच्या वर असेल तर गाडी कुठं तरी आदळलेली आहे आणि ती जागा शोधायची. पत्र्यावर रात्री अंधारात बॅटरी अगदी आडवी धरून उजेड टाका. रंगाखालचा जुना शर्यतीचा आकडा उंचवट्यासारखा दिसतो. मग कडेच्या एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा 800 नंबरच्या पॉलिश पेपरनं, पाणी लावत, गोल घासा. मध्ये उघडा पत्रा आणि भोवती झाडाच्या खोडासारखी रंगांची वलयं येतात. सर्वांत आतलं वलय प्रायमरचं, त्याबाहेरचं पहिल्या रंगाचं. जुन्या फोटोशी जुळवायचं ते हेच वलय. ही जागा रंगवू नका, तशीच ठेवा.

सर्वांत बोलका पुरावा मात्र बोअरमध्ये असतो. डायल बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा असा सहा ठिकाणी मोजा. 1100 सीसीच्या गटात पळणाऱ्या गाडीला हा आकडा फार आखडता असतो. बोअर 68.2 झाला की 1095.9 सीसी होतात, 68.3 ला 1099 आणि 68.4 ला 1102, म्हणजे गटाबाहेर. तेव्हा 68.6 भरलेला ब्लॉक 1100 च्या गटात कायदेशीर पळालेला नाही. एक तर गाडी वरच्या गटात पळत होती, नाही तर हा ब्लॉक नंतर रस्त्यावरच्या गाडीतून आणून बसवलाय. उलट 68 चा बोअर पण लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेली नवी बाही) घातलेला दिसला, तर कुणी तरी गट सांभाळण्यासाठी पैसे खर्च केलेले आहेत. असा ब्लॉक जपा.

इंजिन जाम असणारच. गिअर टाकून गाडी ओढणं हा सगळ्यात महाग पडणारा उपाय: व्हॉल्व्ह चिकटलेले असले की त्यांना ढकलणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, वाकतात. आधी रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो) उतरवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मे-निम्मे हलवून, 50 मिली ओता आणि भोकं बुचांनी बंद करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ॲसिटोन उडून जातं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा भरा. आठवड्यानं क्रँकच्या नटवर लांब पाना लावून पुढे-मागे थोडं थोडं हलवा. जोर नको. हेडचा त्रास वेगळा असतो. पोलादी स्टड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी भुकटी साचून हेड स्टडलाच धरून बसतं. गॅस्केटच्या फटीत छिन्नी घातली की हेड गेलं. प्रत्येक स्टडच्या मुळाशी तेच मिश्रण सोडा, लाकडी हातोड्यानं कडेनं ठोका. इंजिन फिरायला लागलं असेल तर प्लगच्या भोकातून सुती दोरी भरा आणि क्रँक हातानं फिरवा. पिस्टन दोरीवर दाब देत हेड उचलतो.

बिडाच्या आणि पोलादाच्या बारीक भागांसाठी धुण्याच्या सोड्याची टाकी उत्तम. 10 लिटर पाण्यात मूठभर सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, ऋण टोक भागाला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून टाकी उघड्यावर ठेवा. ॲल्युमिनियम यात विरघळतं. स्प्रिंग आणि स्टेअरिंगचे भागही टाकू नका, पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

चेसिसला वेल्डर बोलावण्याआधी जोड पिवळे आहेत का बघा. जुने कारागीर बरेचदा ब्रेझिंग, म्हणजे वितळलेल्या पितळेनं सांधणं, करायचे. पितळेवरून सरळ मिग (तारेचं विजेचं वेल्डिंग) चालवलं तर पितळ वितळून पोलादाच्या कणांत शिरतं आणि शिवणीशेजारी तडा जातो. पितळ पूर्ण काढा, नाही तर ब्रेझिंगच करा. मुळात 1.6 मिमी जाड भिंतीच्या नळीची जाडी अल्ट्रासोनिक गेजनं 1.2 च्या खाली दाखवली तर तो तुकडा बदलायचा, आतून घट्ट बसणारी बाही घालून. मूळ नळी वाचवायचा मोह होतो, पण शर्यतीत पळवायची असेल तर ती जागा वादाची नाही.

स्टब ॲक्सल, स्टेअरिंग आर्म आणि हब यांची डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या: साफ करा, लाल रंग फवारा, 15 मिनिटं थांबा, पुसा, पांढरा फवारा. तडा लाल रेघ होऊन वर येतो. बैलगाडीतून परत आणलेला हब असेल तर ही तपासणी टाळायचीच नाही. त्यानं वर्षानुवर्षं टनांनी ऊस वाहिलेला असतो.

गनमेटलची बुशं (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) इथं सुरेख मिळतात, कारण यंत्रमागाची बुशं करणाऱ्या लेथवाल्यांचा हात त्यात बसलेला आहे. त्यांना जुनं बुश नमुना म्हणून देऊ नका, ते झिजलेलं असतं. शाफ्टचं माप द्या. ॲल्युमिनियमचा पत्रा सरळ करण्याआधी मऊ करावा लागतो. एका बाजूला धुण्याचा साबण चोळा, दुसऱ्या बाजूनं मंद ज्योत फिरवा आणि साबणाची रेघ काळपट तपकिरी झाली की तिथंच थांबा. एक क्षण जास्त आणि पत्रा गळून पडतो.

पेट्रोलच्या नळ्या जुन्या रबराच्या ठेवू नका, आताचं इथेनॉलचं पेट्रोल त्या मऊ करतं. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका, क्षार साचून नळ्या बंद होतात.

रस्त्यावर आणायचा विचार असेल तर 2021 च्या नियमांत 50 वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, 10 वर्षांसाठी. पण वयाची मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते आणि मूळ चेसिस-इंजिनात मोठा बदल चालत नाही. कधीच नोंद न झालेली ही गाडी त्यात बसवण्याची धडपड करू नका, ट्रेलरवर न्या.

कापून काढलेला नळीचा प्रत्येक तुकडा, जुने पिस्टन, पत्र्याचे कोपरे पिशवीत घालून वर जागा आणि तारीख लिहून ठेवा. गाडी विकली तर या पिशव्या तिच्याबरोबरच द्यायच्या, वेगळ्या विकायच्या नाहीत.