चार मुलांचा गट

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि इतरांशी मिसळायला शिकण्यासाठी दर शनिवारी तो गोरेगावच्या एका थेरपिस्टकडे चार मुलांच्या गटात जातो. एकट्याने घेतलेल्या थेरपीत समोर समजूतदार मोठे माणूस असते; ते वाट पाहते, अर्धे राहिलेले वाक्य पुरे करून घेते. बरोबरीचे मूल तसे करत नाही, आणि म्हणूनच आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरणे सोसणे, ‘मला आत्ता खेळायचे नाही’ असे सांगणे या गोष्टी गटातच शिकता येतात.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांची लेगो ठोकळ्यांची पद्धत मला विशेष पटते. एक मूल आराखडा पाहून सांगते, दुसरे नेमके ठोकळे शोधून देते, तिसरे ते जोडते आणि मग भूमिका बदलतात. त्यामुळे एकमेकांशी संवाद साधल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही.

मात्र गट निवडताना पालकांनी आवर्जून विचारावे, की तिथे नजरेला नजर देण्याची सक्ती आहे का? ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की स्वमग्न आणि इतर व्यक्तींमधील गैरसमज दुहेरी असतो, म्हणजे इतरांनाही स्वमग्न व्यक्ती नीट समजत नाहीत. मुलाला केवळ इतरांसारखे दिसायला शिकवणारा वर्ग मला नकोच होता. आमच्या मॅडम हात फडफडवणाऱ्या मुलाला थांबवत नाहीत, गोंगाट वाढला तर हेडफोन लावू देतात आणि शेवटी थोडा वेळ पालकांसाठी राखतात. शिकलेले घरी कसे वापरायचे, ते तेव्हा ठरते. सध्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या मुलाला आपण होऊन हाक मारणे, एवढाच आमचा गृहपाठ आहे.