पाठीवरचा पंप, महिना दुसरा: आधी पेट्रोल, मग औषध

हातपंप ठेवून पेट्रोलच्या पाठपंपावर आलो त्याला आता दोन महिने झाले. हिरवळ ४५० चौरस मीटर, त्रास रुंद पानांच्या तणाचा, औषध टू-फोर-डी. गवताला धक्का न लावता रुंद पानं मारणारं, म्हणून तेच निवडलं.

पहिले दोन रविवार टाकीत फक्त पाणी. शेजारी हसले असतील, पण हा सराव टाळू नका. १०० चौरस मीटरचा तुकडा दोरी लावून आखला, टाकी खुणेपर्यंत भरली, फवारून झाल्यावर पुन्हा खुणेपर्यंत यायला किती पाणी लागतं ते मोजलं. पहिल्यांदा सहा लिटर! घाबरून हळू चालत होतो. मग नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट मोजलं, तर १.२ लिटर. अर्ध्या मीटरचा पट्टा धरून सेकंदाला एक मीटर चाललं की १०० चौरस मीटरला बरोबर चार लिटर बसतात. ही चाल अंगवळणी पडायला दोन रविवार गेले.

इथे बरेच जण फसतात. लेबलवरची मात्रा क्षेत्रफळाची असते, पाण्याची नाही. पाणी फक्त वाहून न्यायला. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे माझ्या हिरवळीला हेक्टरी मात्रेच्या साडेचार टक्के औषध, १८ लिटर पाण्यात. चाल मंदावली तर तेवढ्याच जागेत दीडपट औषध पडतं आणि टाकी मध्येच रिकामी होते. ‘थोडं जास्त टाकू, लवकर मरेल’ हा मोह तर मुळीच नको.

पंपाबरोबर आलेलं नोझल पोकळ शंकूच्या फवाऱ्याचं होतं. तणनाशकाला ते काढून फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल, लावलं आणि दाब उतरवला. थेंब जाडे पडतात, उडून गुलाबाच्या वाफ्यावर जात नाहीत.

तिसऱ्या रविवारी खरं औषध. पहाटे उठलो, पान हलत नव्हतं. वाटलं, याहून चांगली वेळ कुठली! पंप जमिनीवर ठेवून इंजिन गरम करत होतो तेव्हा सायलेन्सरचा निळसर धूर वर जायचंच नाव घेईना, गुडघ्याच्या उंचीवर आडवा पसरून कुंपणाकडे सरकत राहिला. जमिनीलगत थंड हवा अडकली की असं होतं, आणि धुराची जी गत तीच बारीक थेंबांची: खाली न बसता तरंगत लांब जातात. अजून औषध कालवलं नव्हतं हे नशीब. इंजिन बंद करून चहा घेतला. ऊन वर आलं, लान्सला (नोझलच्या लांब दांडीला) बांधलेला दोरा हलका हलायला लागला, तेव्हा सुरुवात केली. वारा मंद हवा, पण हवाच, आणि एका दिशेचा.

आता माझी चूक. हिरवळीचा शेवटचा तिसरा हिस्सा उरला असताना इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. त्या दिवशी पेट्रोल भरलंच नव्हतं. पाण्याच्या सरावात इंधनाची टाकी निम्म्यावर आली होती, वर सकाळचं ते धूर बघणं. पाठीवर सहा लिटर औषध, हातात औषधाने ओले हातमोजे, आणि मी तसाच पेट्रोलच्या कॅनकडे वाकलो. टोपणाला हात लागणार इतक्यात सायलेन्सरची धग पोटरीला जाणवली. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. माझ्या मशीनला इंधनाची टाकी आणि सायलेन्सर यांत वीतभरही अंतर नाही. शिवाय ओल्या हातमोज्यांनी टोपण धरलं असतं, तर पुढच्या वेळी तेच टोपण उघड्या हाताने उघडणारा मीच.

पंप उतरवला. हातमोजे हातात असतानाच साबणाने धुतले, मग काढले, मग हात धुतले. पंधरा मिनिटं इंजिन निवू दिलं. पेट्रोल नरसाळ्याने भरलं, कॅन दहा पावलं लांब नेऊन ठेवला आणि मगच दोरी ओढली. दोरी नेहमी पंप जमिनीवर असताना, नोझलचा ट्रिगर बंद करून.

तेव्हापासून क्रम ठरला: थंड इंजिनात, कोरड्या हाताने, उघड्यावर आधी पेट्रोल काठोकाठ (म्हणजे फुगायला थोडी जागा ठेवून), मग हातमोजे, मग औषध. माझ्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे मिश्रण २५ ला १, लिटरमागे ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. तुमच्या मशीनचं वेगळं असू शकतं, बघून घ्या. शेडमध्ये इंजिन एक मिनिटही चालवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अंगावरचं थोडक्यात: नायट्रिलचे हातमोजे, गॉगल, लांब बाह्या, गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेरून. आत खोचली तर ओघळ थेट पायात. इअरमफही लागतोच, कानामागच्या या इंजिनाचा आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो. पट्ट्याला मी गाठ मारली होती, ती सोडून झटकन सुटणारी क्लिप लावली. मशीन आणि औषध मिळून सव्वीस किलो. पेटलं किंवा गळायला लागलं तर गाठ सोडत बसायला वेळ कुठला.

काम झाल्यावर टाकी तीनदा विसळतो आणि ते पाणी हिरवळीवरच फवारतो, गटारात नाही. कपडे वेगळे धुतो. सगळं वाळेपर्यंत कुत्र्याला आत ठेवतो, ते त्याला अजिबात पटत नाही.

आज दहावा दिवस. तणाचे देठ पिळल्यासारखे वाकडे झालेत, पानं कडेने गुंडाळली आहेत, गवत हिरवंगार. जिथे इंजिन बंद पडलं तिथे मात्र मी पट्टा दुबार मारला असावा, हातभर जागा पिवळट आहे. यंदा तिथे पुन्हा काही मारणार नाही. पुढच्या रविवारी इंधनाची टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करायचा आहे, तेव्हा फवारणीच्या टाकीत साधं पाणी ठेवणार, नाहीतर पंपाचे सील कोरडे फिरून जातील.