अणुभट्टीतला मेकॅनिकल इंजिनिअर

मेकॅनिकलची मुलं विचारतात, अणुभट्टीत आपलं काय काम? माझी जवळजवळ सगळी नोकरी ट्रॉम्बेला ‘ध्रुव’ या संशोधन-अणुभट्टीवर झाली, तीही पंप, व्हॉल्व्ह आणि हीट एक्स्चेंजरांच्या सोबतीत. ध्रुव वीज बनवत नाही, संशोधनासाठी आणि किरणोत्सारी औषधांसाठी न्यूट्रॉन पुरवते. त्यामुळे तिची १०० मेगावॉट उष्णता सतत काढून टाकावी लागते. इंधन असलेल्या गाभ्यातून फिरणारं जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) ती साध्या शुद्ध पाण्याला देतं आणि ते पाणी समुद्राच्या पाण्याला. ऑगस्ट १९८५मध्ये भट्टी सुरू झाली, पण पाण्याच्या प्रवाहाने इंधनाची जुडगी कंप पावायची. तो प्रश्न सुटून पूर्ण शक्ती गाठायला १९८८ उजाडलं. हे दुखणं मेकॅनिकलचंच होतं!

जड पाण्याच्या पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून पाणी गळू न देणारा भाग, बदलणं हे काम मला सगळ्यांत जवळचं. साध्या कारखान्यात पंप थांबला की फिटर पाना घेऊन जातो. इथे भट्टी बंद झाली तरी आधी थांबायचं, कारण पाण्यात किरणोत्सारी द्रव्यं असतात. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून तयार झालेला नायट्रोजन-१६ काही मिनिटांत संपतो, कारण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, सात सेकंदांचं. ॲल्युमिनियमपासून होणाऱ्या सोडियम-२४चं मात्र पंधरा तास. हेल्थ फिजिक्सवाले, म्हणजे किरणोत्सारापासूनची सुरक्षा पाहणारे, मोजमाप करून परमिट देतात, ऑपरेशनवाले व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावतात. इंधनाची उष्णता बंद भट्टीतही निघतच असते, म्हणून बाकीचं शीतन चालूच असतं.

जड पाण्यात तयार होणारा ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मात्र थांबून जात नाही. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांहून जास्त. त्याचे बीटा किरण त्वचेखालपर्यंत पोचत नाहीत, पण तो असलेली पाण्याची वाफ श्वासातून आणि त्वचेतून शरीरात शिरते. छातीवरच्या, किरणोत्सार मोजणाऱ्या टीएलडी बॅजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हवेची नळी जोडलेला प्लॅस्टिकचा सूट घालायचा आणि काम झाल्यावर लघवीचा नमुना द्यायचा. सूटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, घाम डोळ्यांत उतरतो, बोल्ट हाताला नीट लागत नाहीत.

माझ्या मते या कामाचा खरा गाभा आदल्या दिवसांतल्या तालमीत आहे. वर्कशॉपमधल्या सुट्या पंपावर आम्ही तोच सूट घालून, घड्याळ लावून सील काढायचो, बसवायचो. कोणता पाना कोणाच्या हातात, खूण कोणती, सगळं ठरलेलं. आमचे जुने फोरमन म्हणायचे, “साहेब, आत जाऊन विचार करायचा नाही, तो इथेच करून जायचा.” आत घालवलेलं प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी डोसमध्ये, म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणोत्सारात, जमा होतं. एखाद्याचा डोस मर्यादेच्या जवळ आला, तर कितीही कुशल असला तरी तो बाहेर थांबायचा. या बाबतीत रदबदली चालू नये, असं मी तेव्हाही मानायचो, आजही मानतो.

निथळलेलं जड पाणी थेंबन् थेंब गोळा करायचं. साधं पाणी मिसळलं, तर त्याची शुद्धता घसरते आणि भट्टीचे न्यूट्रॉन वाया जातात. मग नवं सील, डायल गेज लावून अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आणणं), गळतीची चाचणी. घाई तर असायचीच. थायरॉइडच्या रुग्णांना लागणारं आयोडीन-१३१ इथेच तयार होतं आणि आठ दिवसांत निम्मं उरतं, त्यामुळे त्याचा साठा करून ठेवता येत नाही. तरीही पंप चालू करून बेअरिंगची कंपनं नोंदल्याशिवाय मी सही करत नसे.