मेलबर्नमध्ये काम शोधताना: मुक्काम थोडा, हक्क पूर्ण

ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा भारतीय पासपोर्टधारकांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. दोन्ही देशांमध्ये एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या आर्थिक सहकार्य व व्यापार कराराचे ते एक फळ आहे. वयाची अट १८ ते ३०, जागा वर्षाला १०००, आणि इच्छुक त्याहून कितीतरी अधिक, म्हणून आधी सोडत निघते आणि तिच्यात नाव आले तरच अर्ज भरता येतो. सोडत, शिक्षणाची अट, खात्यात दाखवायची रक्कम या गोष्टी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर नीट मांडलेल्या आहेत, त्यामुळे त्या मी इथे पुन्हा देत नाही. मला लिहायचे आहे ते विमानातून उतरल्यानंतरच्या आठवड्यांविषयी, ज्यांत डोक्यावर छप्पर आणि हाताला काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शोधाव्या लागतात.

पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या मनात ‘आपण इथे थोड्याच दिवसांचे’ ही जाणीव सतत असते आणि कमी मजुरी देऊ पाहणारे मालक नेमका तिचाच फायदा घेतात. ऑस्ट्रेलियाचा कामगार कायदा मात्र कायमचा रहिवासी आणि वर्षभराचा पाहुणा असा भेद मजुरीच्या बाबतीत करत नाही. मेलबर्नमध्ये मी जे काही शिकले त्यात ही एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि पुढचे सगळे तिच्याच आधाराने लिहिते आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी लागते आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. स्थानिक मोबाइल क्रमांक पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण पुढची प्रत्येक नोंदणी त्याच्यावर येणाऱ्या संदेशावर अवलंबून असते. बँक खाते त्यानंतर. मग टॅक्स फाइल नंबर, म्हणजे करदात्याचा ओळख क्रमांक, ज्याला तिथे सगळे ‘टीएफएन’ म्हणतात. त्याचा अर्ज ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावरच, कर कार्यालयाच्या संकेतस्थळावर करता येतो आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. हा क्रमांक मिळवून देण्यासाठी शुल्क मागणारी कितीतरी खासगी संकेतस्थळे शोधयंत्रात दिसतात. त्यांच्याकडे वळण्याचे काहीच कारण नाही. क्रमांक टपालाने येतो आणि त्याला २८ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून अर्जात असा पत्ता द्यावा की जिथे तुम्ही तोपर्यंत राहणार आहात किंवा जिथले लोक तुमचे पत्र जपून ठेवतील. मी ज्या हॉस्टेलमध्ये उतरले होते तिथे आलेली पत्रे स्वागतकक्षात वेगळी ठेवत असत. हे मी अर्ज भरण्याआधीच विचारून घेतले होते. क्रमांक हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही असा एक गैरसमज आहे. वास्तविक अर्ज केल्याचे मालकाला कळवले की क्रमांक देण्यासाठी २८ दिवसांची मुदत मिळते. मुदतीत तो दिला नाही, तर मात्र पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो.

आरोग्य विम्याबद्दल एवढेच सांगते की भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नसल्याने मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आधार आपल्याला मिळत नाही. विमा घरून निघण्यापूर्वीच काढावा.

राहण्याच्या जागेची घाई करू नये, असे माझे मत आहे. मेलबर्नच्या मध्यभागात ट्रामचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे पहिले काही दिवस तिथल्या हॉस्टेलमध्ये राहून शहर पाहता येते. कोणती वस्ती आपल्याला परवडेल, कुठे काम मिळण्यासारखे आहे आणि रात्री उशिरा परतायला ट्राम कुठवर मिळते, हे नकाशापेक्षा पायी फिरून लवकर कळते. फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकापासून उत्तरेकडे जाणारी १९ क्रमांकाची ट्राम ब्रन्सविकमधल्या सिडनी रोडने कोबर्गपर्यंत जाते. या एका रस्त्यावर दुतर्फा जितकी लहानलहान उपाहारगृहे, बेकऱ्या आणि दुकाने आहेत, तितकी कमी चालण्यात दुसरीकडे क्वचितच सापडतील. मी खोली त्याच बाजूला शोधली, कारण कामावरून पायी घरी येता आले तर पहाटेची आणि रात्रीची अशा दोन्ही पाळ्या घेता येतात. ज्याच्याकडे दोन्ही पाळ्यांची तयारी आहे, त्याला काम लवकर मिळते.

खोलीचे भाडे आठवड्याच्या हिशोबाने सांगितले जाते. त्याची चारपट करून महिन्याचा खर्च धरला, तर वर्षाचे चार आठवडे हिशोबाबाहेर राहतात, म्हणून ५२ ने गुणून १२ ने भागणे बरे. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. भाडेकरार तुमच्या नावाने होत असेल, तर व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याप्रमाणे अनामत रक्कम घरमालकाच्या खिशात न राहता निवासी भाडे अनामत प्राधिकरणाकडे जमा व्हावी लागते, आणि तशी पोच तुम्हाला मिळते. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंच्या घरात एक खोली घेताना बहुतेक व्यवहार तोंडी होतो. तिथे निदान पैसे बँकेतून द्यावेत आणि कशासाठी दिले ते व्यवहाराच्या नोंदीत लिहावे.

आता कामाविषयी. माझा अनुभव उपाहारगृहांचा आहे, म्हणून त्याबद्दलच अधिकाराने लिहिते. मेलबर्नमधली बरीच कॉफीची दुकाने एकट्यादुकट्या मालकाची आहेत आणि मालक किंवा व्यवस्थापक दुकानातच असतो. त्यामुळे इथे ऑनलाइन अर्जांपेक्षा हातात छापील रेझ्युमे घेऊन दारोदार जाण्याची पद्धत आजही चालते. रेझ्युमे एका पानाचा असावा. त्यावर स्थानिक फोन क्रमांक, राहण्याची वस्ती, व्हिसाचा प्रकार आणि आठवड्यातले कोणते दिवस व कोणत्या वेळा मोकळ्या आहेत, एवढे ठळक दिसले पाहिजे. पदव्यांची यादी कोणी वाचत नाही. सकाळची गर्दी आणि दुपारच्या जेवणाची वेळ टाळून, दोननंतर, दुकान आवरायला लागलेले असताना गेले की समोरच्याला बोलायला सवड असते. रेझ्युमे काउंटरवर ठेवून निघण्यापेक्षा व्यवस्थापक कधी भेटतील हे विचारावे आणि त्या वेळी पुन्हा जावे. दुसऱ्यांदा गेलेल्या माणसाचा चेहरा लक्षात राहतो. निदान मला ज्या दुकानात काम मिळाले, तिथे ते दुसऱ्या भेटीतच मिळाले. रेझ्युमे लिहायला आणि छापायला मी सार्वजनिक ग्रंथालयांचा पुष्कळ वापर केला. स्वान्स्टन स्ट्रीटवरचे राज्य ग्रंथालय सर्वांना खुले आहे. १९१३ मध्ये बांधून झालेल्या त्याच्या घुमटाखालच्या अष्टकोनी वाचनदालनात बसून अर्ज लिहिताना परक्या शहराने आपल्यासाठीही एक खुर्ची राखून ठेवली आहे असे वाटायचे.

मद्य वाढले जाते तिथे काम करायचे असेल, तर ‘आरएसए’ हे मद्यविक्रीच्या जबाबदारीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. पुढे सिडनीला किंवा अन्यत्र जायचा बेत असेल, तर आधी त्या राज्यात कोणते प्रमाणपत्र चालते ते तपासावे. बांधकामावर जायचे असेल तर ‘व्हाइट कार्ड’ हे सुरक्षा-प्रशिक्षणाचे कार्ड हवे. हंगामाचेही भान ठेवावे. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनला मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत असते आणि जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस. त्या सुमाराला उपाहारगृहे आणि खानपान सेवा पुरवणाऱ्या संस्था माणसे शोधत असतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोहोचलेल्याला जूनमध्ये पोहोचलेल्यापेक्षा काम मिळणे सोपे जाते.

काम मिळण्याआधी जवळजवळ सगळीकडे ‘ट्रायल’ घेतात, म्हणजे तुम्ही काम करून दाखवायचे. इथे नीट लक्ष द्यावे, कारण नव्याने आलेल्यांची फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. कौशल्य दाखवण्यापुरती, कोणाच्या तरी थेट देखरेखीखाली झालेली छोटी चाचणी बिनपगारी असू शकते. पण त्याहून जास्त वेळ काम करून घेतले, तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. दूध तापवून दोन कॉफी बनवणे ही चाचणी झाली. शनिवारची संपूर्ण संध्याकाळ टेबले सांभाळणे हे काम झाले. एका उपाहारगृहात मला लागोपाठ दोन संध्याकाळी ‘ट्रायल’साठी यायला सांगितले, तेव्हा या तासांचा मोबदला कसा देणार असे मी शांतपणे विचारले. उत्तर टाळाटाळीचे आले, आणि मी ते काम घेतले नाही. जिथे पहिल्याच प्रश्नाला कपाळावर आठी येते, तिथे पुढचे पगारही सुरळीत होत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

दर आधीच माहीत असल्यामुळे मला असे प्रश्न विचारता आले. १ जुलै २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले. दरवर्षी जुलैमध्ये ते बदलते, म्हणून ताजा आकडा पाहावा. आपल्यासारख्यांना बहुधा ‘कॅज्युअल’ म्हणून ठेवतात. त्यात पगारी रजा आणि आजारपणाची रजा मिळत नाही, पण त्याबदल्यात मूळ दरावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. प्रत्येक उद्योगासाठी ‘अवॉर्ड’ नावाचा वेगळा वेतनपट असतो. त्यात शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीचे चढे दर दिलेले असतात. फेअर वर्क ऑम्बड्समन या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपला उद्योग, पद आणि वय भरले की आपला नेमका दर समोर येतो. मुलाखतीला जाण्यापूर्वी मी तो पाहून ठेवत असे. पगार झाल्यावर एका कामकाजी दिवसात वेतनपावती मिळाली पाहिजे, असाही नियम आहे. रोख रकमेत पगार देणे मुळात बेकायदा नाही. पावती न देता, कर न कापता, ठरलेल्या दराहून कमी रोख हातावर ठेवणे मात्र बेकायदा आहे. काही जण कामगाराला ‘एबीएन’ हा व्यवसाय क्रमांक काढायला सांगतात, म्हणजे तुम्ही नोकर न राहता कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक होता आणि किमान वेतन, जादा दर, विमा हे सगळे तुमच्या गळ्यात पडते. वेळा ठरवणारा, गणवेश देणारा आणि काम सांगणारा मालक असेल, तर ते काम नोकरीच असते.

तक्रार केली तर व्हिसा जाईल, ही भीती घालणारेही भेटतात. जुलै २०२४ पासून अशा धमकीविरुद्ध कायदा अधिक कडक झाला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तर जाणूनबुजून कमी वेतन देणे हा फौजदारी गुन्हा आहे. फेअर वर्कचा क्रमांक १३ १३ ९४ आहे. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल, तर १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषा मागता येतो. आपले तास मात्र आपणच रोज लिहून ठेवावेत: तारीख, सुरुवात, शेवट, मधली सुट्टी. मी ही नोंद फोनमध्ये ठेवत असे, आणि एकदा वेतनपावतीत रविवारचे तास साध्या दराने धरलेले दिसले, तेव्हा याच नोंदीमुळे दुरुस्ती करून घेता आली.

शहराबाहेरच्या शेतकामाची चर्चा प्रत्येक हॉस्टेलमध्ये ऐकू येते, कारण दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचे काम तीन महिने करावे लागते. व्हिक्टोरियाच्या वायव्य टोकाला मरे नदीकाठी मिल्ड्युराच्या परिसरात द्राक्षे आणि संत्र्यांसारखी फळे होतात आणि पुष्कळ जण तिकडे जातात. मी गेले नाही, म्हणून त्या कामाचे वर्णन करणार नाही. दोन गोष्टी मात्र जाण्याआधी माहीत असाव्यात. एप्रिल २०२२ पासून फळतोडणीच्या पेट्यांवर मजुरी ठरवली, तरी ताशी किमान रकमेची हमी द्यावीच लागते. आणि व्हिक्टोरियात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो. त्याची नोंदवही सर्वांना ऑनलाइन पाहता येते, आणि ठेकेदाराचे नाव तिच्यात शोधायला एक मिनिट पुरते.

या व्हिसावर सर्वसाधारणपणे एका मालकाकडे सहा महिनेच काम करता येते, त्यामुळे काम शोधण्याची ही फेरी वर्षात पुन्हा करावी लागते. काम सोडताना व्यवस्थापकाकडून शिफारशीसाठी त्यांचे नाव आणि क्रमांक देण्याची परवानगी मागून घ्यावी. पुढच्या दुकानात त्याला पदवीहून अधिक वजन असते. वेतनपावत्या सगळ्या जपाव्यात. मालकाने पगाराच्या १२ टक्के रक्कम वेगळी ‘सुपर’ म्हणजे निवृत्तिनिधीच्या खात्यात भरायची असते. प्रत्येक नव्या मालकाला तेच खाते दिले, तर पैसे चार ठिकाणी विखुरत नाहीत. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती रक्कम परत मागता येते. तिच्यातून ६५ टक्के कर कापला जातो आणि तो मला अन्यायकारक वाटतो, पण उरलेले पैसे आपल्याच कष्टाचे असतात, म्हणून तो अर्ज कर कार्यालयाच्या संकेतस्थळावरून अवश्य करावा. अर्ज सुरू करायला देश सोडेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.