सशांच्या संताकडे पायी

आषाढी हुकली म्हणून आई खट्टू झालेली, मग तिला घेऊन वेल्सला गेलो. तिथल्या पोविस परगण्यात बर्विन डोंगरांच्या पायथ्याला लान्गिनॉग नावाचं एवढंसं गाव आहे, तिथून पेनांत मेलान्गेल इथल्या संत मेलान्गेलच्या चर्चपर्यंत चालत जायचं. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. "एवढ्याला वारी म्हणतात होय रे?" आई म्हणाली.

गाव आता शांत आहे पण एकेकाळी इथे शिशाच्या आणि स्लेटच्या खाणी जोरात होत्या, १९०४ ला रेल्वेसुद्धा आली, १९५१ ला पॅसेंजर बंद. डोक्यावर क्रेग रिवार्थचा कडा, त्याच्या माथ्यावर लोहयुगातला किल्ला, किल्ला म्हणजे दगडी बांध आणि घरांच्या गोल खुणा, बुरूज वगैरे शोधू नका. पुढे तनात नदीच्या खोऱ्यातून अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे डोंगर, मेंढ्या, आणि ना टाळ ना मृदंग, त्यामुळे आईनेच हळू आवाजात हरिपाठ सुरू केला.

वाटेत तिला गोष्ट सांगितली. मेलान्गेल आयर्लंडची राजकन्या, लग्न नको म्हणून पळून या खोऱ्यात येऊन राहिली. इ.स. ६०४ मध्ये पोविसचा राजा ब्रोखवेल शिकारीला आला, त्याने मागे लागलेला ससा धावत जाऊन हिच्या झग्याखाली लपला, कुत्रे पुढे जाईनात, शिकाऱ्याचं शिंग म्हणे ओठालाच चिकटलं. राजाने मग अख्खं खोरं तिला देऊन टाकलं, इथे आलेल्याला अभय. दंतकथाच आहे, पण सतराव्या शतकापर्यंत या भागात कोणी ससा मारत नसे, आणि मागे कुत्रे लागलेल्या सशाला "देव आणि मेलान्गेल तुझ्या पाठीशी" असं ओरडलं की तो सुटतोच अशी समजूत होती. माळकरी आईला हे एकदम पटलं. "मग संतच की ही," म्हणाली, आणि तीन किलोमीटरची तक्रार तिथेच संपली.

चर्चचं आवार गोल, त्यात यू नावाच्या सदाहरित वृक्षाची प्रचंड जुनी झाडं, काही दोन हजार वर्षांची असावीत म्हणतात. आत पंधराव्या शतकातल्या लाकडी आडभिंतीवर मेलान्गेल आणि ससे कोरलेत. पण खरं बघायचं ते बाराव्या शतकातलं तिचं समाधीस्थान. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात ते फोडलं, आणि दगड गेले कुठे, तर चर्चच्याच भिंतीत आणि फाटकाच्या बांधकामात! १९५८ मध्ये ते काढून पुन्हा उभं केलं, नंतर डागडुजीत आणखी नीट जुळवलं. जुने कोरीव दगड आणि नवी भर लगेच वेगळी कळते, मला ते आवडलं, उगाच सगळं जुनं भासवलेलं नाही. लोक तिथे नवसाच्या चिठ्ठ्या ठेवतात, आईनेही ठेवली, मराठीत, काय लिहिलं ते सांगितलं नाही.

जाणार असाल तर गाडी लान्गिनॉगलाच लावा, पुढचा रस्ता एकच गाडी जाईल एवढा आहे, आणि उन्हाळ्यातही रेनकोट हवाच.