पडद्याचा चिमटा

दुपारचे पावणेदोन. ट्रक लावलेला, इंजिन बंद, सीटमागच्या बर्थवर मी आडवा. सगळे पडदे ओढलेले, आणि तरी उन्हाची एक रेघ नेमकी माझ्या डाव्या डोळ्यावर. बोटभर रुंद. कूस बदलली की ती कानावर येते. कानावर ऊन आलं तर झोपेचं काय बिघडतं असं कुणी म्हणेल, पण बिघडतं. दिवस आहे हे कानालाही कळतं.

शेवटी उठलो, खणात चाचपडलो आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा काढला. या गाडीतली माझ्या लेखी सगळ्यात मोलाची वस्तू. जॅक नसला तर शेजारची गाडी देते, पाना देते, चिमटा कोण देणार? पडद्याच्या दोन कडा एकावर एक घ्यायच्या, वरून चार बोटं सोडून चिमटा लावायचा. रेघ गेली. तोवर झोपही गेली होती, तो भाग वेगळा.

१७२९ साली द मेराँ नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं, आणि लाजाळूचं झाड अंधारात ठेवून पाहिलं गेलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडायची नि रात्री मिटायची थांबली नाहीत. त्या झाडाबद्दल मला आपुलकी आहे. मी केबिन कितीही काळीकुट्ट करू दे, आत कुठेतरी पानं उघडलेलीच. रात्रभर गाडी हाकलेली असते, डोळे तारवटलेले असतात, तरी सकाळी अकराला अंग म्हणतं, ऊठ की, काय लोळतोस. आणि हेच अंग पहाटे चारला, रस्ता मोकळा, माल भरलेला, पोचायची वेळ ठरलेली, तेव्हा मात्र खांद्यावर मान टाकायला बघतं. अंगाची ऊब त्या सुमाराला सगळ्यात खाली उतरलेली असते, तिच्यामागून मेंदूही उतरतो. आपल्या भाषेत त्या वेळेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. हा शब्द ज्यानं केला तो अंथरुणात होता, यात शंका नाही. त्याच्या हातात स्टिअरिंग असतं तर साखर सुचली नसती.

चिमटा मुळात आईचा. म्हणजे हाच नव्हे, कल्पना तिची.

बाबा रात्रपाळीला होते. सकाळी यायचे, अंघोळ करून झोपायचे, आणि आमची शाळा सकाळची असल्यामुळे आम्ही घरी यायचो ते त्यांच्या ऐन झोपेत. खिडकीच्या पडद्याला आईनं तीन चिमटे लावलेले असायचे. दाराच्या कडीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे कडी पडली तरी वाजायची नाही. 'हळू' हा शब्दसुद्धा ती हळू म्हणायची, नुसते ओठ हलवून. मी आणि धाकटा भाऊ मधल्या खोलीत पत्ते खेळायचो, मुक्यानं. भांडणंही मुक्यानंच. तो पत्ता लपवायचा, मी त्याच्याकडे बोट दाखवायचो, तो छातीवर हात ठेवून देवाशप्पथची खूण करायचा. राग आवरता यायचा, पण हसू कुणाला आवरलंय? एकदा नाकातून फस्सकन आवाज निघाला आणि मग दोघांनाही थांबेना. आई धावत आली तोवर आतलं दार उघडलं होतं. बाबा उभे. आता पाठीत बसणार म्हणून आम्ही डोळे मिटून घेतले. ते एवढंच म्हणाले, "किती वाजले?"

भाऊ म्हणाला, "दीड."

"दुपारचा?"

पुढे कित्येक दिवस आम्ही एकमेकांना तेच विचारत होतो. किती वाजले? दीड. दुपारचा? आणि पोट धरून हसायचं.

आता तो प्रश्न मला पडतो. बर्थवर जाग आली, फोन बघितला, पाच चाळीस. सकाळचे की संध्याकाळचे? पडद्याबाहेर उजेड तसाच करडा, अंग तसंच जड. एकदा संध्याकाळ समजून गाडी चालू करायला निघालो, मग कळलं की पहाट आहे आणि नंबर लागायला अजून तीन तास आहेत. तेव्हापासून फोनवर चोवीस तासांचं घड्याळ ठेवलंय. मिशेल सिफ्र नावाचा माणूस १९६२ मध्ये दोन महिने घड्याळाशिवाय गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढायची वेळ झाली, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस कुठे गेले त्याचं त्यालाच माहीत नाही. लोकांना याचं नवल वाटतं. मला वाटत नाही.

नियम आहेत, नाही असं नाही. युरोपात साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं. अमेरिकेत अकरा तास चालवायचं, मग सलग दहा तास सुट्टी. कागदावर छान दिसतं. पण अकरा, त्यात मधली अर्ध्या तासाची उसंत आणि वर दहा, बेरीज करा. साडेएकवीस. म्हणजे नियमात बसवून सलग गाडी हाकली तर रोजचा दिवस अडीच तास आधी उजाडतो. आज सकाळी आठला निघालात तर चौथ्या दिवशी मध्यरात्री साडेबाराला. आणि माणसाच्या आतलं घड्याळ तर चोवीस तासांहून किंचित लांबच चालतं, त्याला उशिरा नेणं परवडतं, आधी ओढलं की कुरकुरतं. नॅथॅनियल क्लाइटमन नावाच्या झोपेच्या अभ्यासकानं १९३८ साली केंटकीतल्या मॅमथ गुहेत बत्तीस दिवस मुक्काम करून अठ्ठावीस तासांचा दिवस लावून पाहिला. बरोबरचा तरुण सहकारी बऱ्यापैकी रुळला, क्लाइटमनचं अंग काही चोवीस सोडेना. ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. मीही आहे.

शिवाय विश्रांती मोजता येते, झोप कशी मोजणार? गाडी उभी आहे म्हणजे माणूस निजला, असं कागद धरून चालतो. इकडे आत्ताच डोळा लागलेला असतो, आणि काचेवर टकटक. गाडी जरा पुढे घ्या. पुढे घेतली, परत आडवा झालो, तोच दुसरा येतो, कागद दाखवा. झोपेचं खोबरं. हे टकटक करणारे लोक नेमकी गाढ झोपेची वेळ कशी साधतात, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

गाढ झोपेतून असं उठवलं की पुढची पंधरा-वीस मिनिटं माणूस उठलेला नसतो, नुसता उभा असतो. म्हणून माझी एक खोड आहे. जाग आल्यावर मी सरळ स्टिअरिंगवर बसत नाही. लोखंडी रॉड घेऊन उतरतो आणि गाडीभोवती फिरून एकेका टायरवर ठोका मारतो. भरलेला टायर टणक वाजतो, रॉड उसळून हातात येतो. हवा कमी असली की आवाज बसका येतो. लोकांना वाटतं, काय काळजी घेतो गाडीची. टायरची हवा बघतोच, पण खरं म्हणजे मी माझी हवा तपासत असतो. शेवटच्या टायरपर्यंत आवाजातला फरक कानाला कळायला लागला तर निघायचं. नाहीतर आणखी एक फेरी.

पेंगेवर लोक काय काय उपाय सांगतात. काच खाली करा, गाणी मोठ्यानं लावा, तोंडावर पाणी मारा. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या दोघांनी गार वारा आणि रेडिओ रीतसर तपासले, फायदा झाला तो जेमतेम नि थोडाच वेळ. त्यांच्याच १९९७ च्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र मी मनापासून पाळतो. कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं पडायचं. कॉफीला चढायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर डुलकी होऊन जाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही थापच वाटली होती, कॉफी पिऊन झोपतं का कुणी? गाडी बाजूला घेतल्याशिवाय हे जमत नाही, त्यातच त्याचं अर्धं यश असावं.

गाडी बाजूला घ्यायची अक्कल मला उशिरा आली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटेची वेळ, चारच्या पुढची. काच खाली होती, गाणी चालू होती, तोंडावर पाणी मारून झालं होतं. मी जागा होतो. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, जागा आहे. नदीचं नाव लिहिलेली पाटी आली, ती वाचलेली मला अजून आठवते, पांढरी अक्षरं, एक वेलांटी उडालेली. त्यानंतर एकदम एक झाड आठवतं, डाव्या बाजूचं, फार जवळचं. मधला पूल आठवत नाही.

ताशी ८० नं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. तो पूल किती लांब आहे हे मी नंतर नकाशावर कधी पाहिलं नाही. गाडी थांबवली, खाली उतरलो, रॉड हातात घेतला, पण टायरला मारता येईना, हात इतका थरथरत होता.

सातला आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून तिचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"झोप झाली का रे?"

"झाली," म्हटलं.