तुम्हाला काय कमी

काल भिशी मंदाताईंना देऊन टाकली. चिठ्ठी माझी निघाली होती. वरच्या पिंकीनं डब्यातनं उचलली, उलगडली, माझं नाव वाचलं, आणि माझं लक्ष आधी गेलं ते दाराशी बसलेल्या मंदाताईंकडं. त्यांच्या मालकांचं ऑपरेशन तोंडावर आलंय. पंधरा जणी, दोन-दोन हजार, म्हणजे तीस हजार. मी म्हटलं, या महिन्याचे ताईंना द्या, माझं नाव परत डब्यात टाका. मंदाताईंनी नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या, पिशवीच्या तळाशी ठेवल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "तुमचं काय वहिनी, देवाच्या दयेनं तुम्हाला काय कमी आहे!"

एवढंच बोलल्या. वाईट हेतूनं नाही. पण रात्रभर तेच डोक्यात.

काय कमी आहे ते माझ्या वहीत आहे. बोरमाळ आईंच्या मोतीबिंदूच्या वेळी पतसंस्थेत ठेवली, ती अजून तिथंच आहे. गरजेपुरतेच उचलले होते, अठ्ठावीस हजार. हे तीस हजार व्याजासकट तिच्यासाठीच धरले होते, भिशी लावली तेव्हापासून. ओंकारच्या क्लासचा दुसरा हप्ता राहिलाय. पोस्टातल्या आरडीचे पाचशे या महिन्यात निघतील की नाही ते बघायचंय. चुकले तर शंभराला रुपया दंड, म्हणजे पाचच रुपये, पण एकदा चुकवायची सवय लागली की लागते, म्हणून जीव कासावीस होतो. यातलं मंदाताईंना काही माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही, मी कधी बोलले आहे?

खरं दुखलं ते हेच. दिलं त्याचं काही नाही. पण आपण पोटाला चिमटा काढून दिलं आणि समोरच्याला वाटलं ताटातलं उरलेलं दिलं.

आमच्या घराची रीतच तशी. पगार झाला की आई आधी पाचशे देवघरातल्या डब्यात टाकतात, मग किराणा. त्या डब्यातनं कधी कुणाच्या पोराची फी जाते, कधी गोंदवल्याला अन्नदान. सासऱ्यांनी घराचं कर्ज सोडून दुसरं काही हप्त्यानं आणलं नाही. ह्यांचंही तेच. फ्रिज जुना, गाडी जुनी, पण कुणाचा तगादा नाही, दुकानात उधारीची वही नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे जड गेलं होतं. कंपनीत ह्यांच्याबरोबरचे सगळे नवं काही घेत होते आणि आम्ही मात्र डब्यात पाचशे टाकत होतो. (त्या दिवसांबद्दल नको लिहायला.) पण ज्याच्या दारात कुणी मागायला येत नाही, त्याचं घर बाहेरून भरलेलंच दिसणार. लोकांनी वहीत येऊन बघायचं का?

आज मंडईतनं येताना पोवई नाक्याला कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या समाधीपाशी जरा थांबले. ऊन होतं, पिशवी जड होती. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. 1924 ला साताऱ्यात अण्णांचं गरीब पोरांसाठीचं बोर्डिंग सुरू झालं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्यांच्या पोटासाठी बाईंचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही. शाळेत हे कितीदा ऐकलं. आज पहिल्यांदा वाटलं, त्या पोरांना तेव्हा हे ठाऊक असेल का? भाकरी मोडताना ती कुणाच्या सोन्याची आहे हे कळलं असतं तर घास उतरला असता का? नसेलच सांगितलं बाईंनी. माझ्या बोरमाळेची गोष्ट त्यांच्याशी लावू नये, पण मन तिकडं गेलं खरं.

घरी आल्यावर आईंना सगळं बोलले. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "तिनं तसं म्हणलं म्हणून तिला घेता आलं." आणि परत मेथी.

मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. आई माण तालुक्यातल्या, गोंदवल्याच्या बाजूच्या. दुष्काळात गोंदवलेकर महाराजांनी लोकांना नुसती भाकरी दिली नाही, शेतात मातीचं काम काढून दिलं, हे त्या नेहमी सांगतात. फुकटचं खाल्लं असं कुणाला वाटू नये म्हणून. 1913 ला महाराज गेले, तरी तिथं पंगत चालू आहे आणि पानावर बसलेल्याला कुणी विचारत नाही तू कोण, तुझ्याकडं किती आहे. मंदाताईंनी जन्मभर शिवणकाम करून दोन पोरी उजवल्या, कुणापुढं हात पसरला नाही. माझी बोरमाळ अडकली आहे हे कळलं असतं तर त्यांनी रुमाल परत माझ्या हातात दिला असता. नक्की दिला असता. आणि मग ऑपरेशन? त्यांनी मला भरल्या घरची समजावं, यातच त्यांची सोय होती. समजू देत.

तरी दुखायचं पूर्ण थांबलेलं नाही, हेही लिहून ठेवते. आईंसारखं पटकन मोकळं होणं मला जमत नाही. देवापुढं दिवा लावताना सकाळी मी मंदाताईंच्या मालकांसाठी मागितलं आणि मागून झाल्यावर बोरमाळेसाठीही मागितलं. दोन्ही मनापासून.

उद्या पतसंस्थेत जाऊन तूर्त नुसतं व्याज भरते आणि तारण पुढं करून घेते. आरडीचे पाचशे गॅसच्या पैशातनं निघतील, सिलिंडर अजून आठवडाभर पुरेल असं वाटतंय. क्लासच्या सरांना पुढच्या पगारापर्यंत थांबा म्हणून ह्यांनीच सांगितलेलं बरं. भिशीचं अजून ह्यांच्या कानावर घातलेलं नाही. आज दुसरी पाळी आहे, आल्यावर जेवताना सांगेन.